कोलंबसाचं केसलापुरात काय काम?

प्रति,
अध्यक्ष, इंडियन असोसिएशन ऑफ अम्यूझमेंट पार्क्स अँड इंडस्ट्रीज,
तसेच गावोगावच्या जत्रांत पाळणे लावणारे सर्व मालक-चालक यांस

विषय : रोलर कोस्टर आणि पाळण्यांची नावं

महोदय,

आदिलाबाद जिल्ह्यात कायमचा रोलर कोस्टर नाही. बसायचंच म्हटलं तर हैदराबादच्या पलीकडे रावीर्यालला, वंडरलामध्ये जावं लागतं, म्हणजे तीनशे किलोमीटरहून लांब. तेव्हा रोलर कोस्टरच्या नावांवर आदिलाबादकराने पत्र लिहावं हा तुम्हाला आगाऊपणा वाटेल. पण पाळण्यांचं वेड आमच्याकडे कुणापेक्षा कमी नाही. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, जैनथला लक्ष्मीनारायणाची भरते, पैनगंगा ओलांडली की केळापूर आणि माहूर आहेतच. आणि जत्रा म्हटली की पाळणे आले. शाळांच्या सहली हल्ली वंडरलापर्यंत जातात. ज्यांचे काका-मामा पुण्यामुंबईकडे आहेत ती पोरं खोपोलीचं इमॅजिका बघून येतात आणि पुढे महिनाभर त्याच गप्पा मारतात. गिऱ्हाईक आम्हीही आहोत, आणि पाटी वाचता येते.

तक्रार पाटीचीच आहे. यंत्रावर तुमचे कोट्यवधी रुपये लागतात, जागा, वीज, विमा, तपासणी, सगळ्याचा हिशेब होतो. नाव मात्र उद्घाटनाच्या आदल्या रात्री कुणीतरी उरकून टाकल्यासारखं असतं.

मोठ्यांपासून सुरुवात करतो. इमॅजिका २०१३ साली खोपोलीजवळ उघडलं. तिथला सर्वांत मोठा रोलर कोस्टर म्हणजे नायट्रो. उंची १३२ फूट, वेग ताशी १०५ किलोमीटर, माणूस पाच वेळा उलटा होतो आणि पायांखाली फळी नसल्यामुळे पाय सारखे हवेत लोंबकळत राहतात. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड मॅबिलार्ड या कंपनीने तो बनवला, आणि या धंद्यात तिच्या तोडीचे फार थोडे आहेत. आता याच कंपनीने अमेरिकेत न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर उद्यानासाठी २००१ साली एक रोलर कोस्टर उभा केला होता. त्याचंही नाव नायट्रो. तो २३० फूट उंच, पण त्यात एकदाही उलटं व्हावं लागत नाही. दोघांत सारखं काय, तर कारखाना आणि पाटी. बारा वर्षांनी अर्ध्या जगापलीकडे दुसरं यंत्र उभं राहिलं, त्याला नवं नाव काही मिळालं नाही.

खोपोलीत नावांचा दुष्काळ होता म्हणावं तर तेही नाही. उद्यानाच्या डोक्यावर बोरघाट आहे. १८६३ साली या घाटातून रेल्वे वर गेली तेव्हा अर्ध्या वाटेवर गाडी उलटवायचं स्टेशन होतं. गाडी एका दिशेने चढत यायची, थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि पुढची चढण ती पाठमोरी चढायची. त्या काळचे प्रवासी नेहमीच्या तिकिटात रोलर कोस्टरवर बसत होते म्हणायचं. घाटमाथ्यावर खंडाळ्याजवळ नागफणी उभी आहे, फणा काढल्यासारखा सुळका. इंग्रजांनी तिला वेलिंग्टनच्या ड्यूकचं नाक करून टाकलं आणि ट्रेकच्या जाहिरातींत आजही ‘ड्यूक्स नोज’ असंच छापलेलं दिसतं. एका नागफणीचं नाक झालं ते झालं, पण तिच्या सावलीत पाच वेळा उलटं करणारं यंत्र उभं राहिलं तेव्हा ते नाव परत घ्यायची आयती संधी होती. त्याऐवजी स्फोटकाच्या डब्यावरचं नाव आलं. (याच उद्यानाने आपल्या इंग्रजी नावाच्या शेवटी एक जादा ‘ए’ जोडून घेतला आहे. देवनागरीत तो दिसत नाही, ही देवनागरीची कृपा.)

उसनवारीची ही खोड आपलीच नाही, हे खरं. कॅलिफोर्नियात २००० साली ‘गोलिएथ’ उभा राहिला. मग हॉलंडमध्ये गोलिएथ, जॉर्जियात गोलिएथ, माँट्रियलला गोलिएथ, टेक्सासात, न्यू इंग्लंडात, शिकागोजवळ, जिकडेतिकडे गोलिएथ. मराठी बायबलात याला गल्याथ म्हटलंय. हा धिप्पाड गडी कशासाठी प्रसिद्ध आहे? एका मेंढपाळ पोराच्या गोफणीचा एक दगड लागला आणि आडवा झाला, म्हणून. जे यंत्र काही झालं तरी पडू नये, त्याला पडण्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्याचं नाव द्यायचं! ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून ज्याने पाखरांवर गोफण फिरवली आहे, त्याने हे नाव सुचवलं नसतं.

त्याहून कडी म्हणजे बूमरँग. हॉलंडची वेकोमा कंपनी १९८४ पासून एक नमुना विकते. गाडी आधी मागे ओढत उंचावर नेतात आणि सोडून देतात. ती उलटीपालटी होत समोरच्या चढावर जाते आणि आल्या वाटेने पाठमोरी परत येते. नमुन्याचं नाव बूमरँग. जगभरात असे पन्नासहून अधिक उभे राहिले, आणि कित्येक मालकांनी कारखान्याच्या कागदावरचंच नाव पाटीवर चढवलं. बारशाला बाळाचं नाव ‘मुलगा, तीन किलो’ ठेवावं तसं हे झालं.

रावीर्यालचा ‘रिकॉइल’ याच जातीचा. वंडरलाने निदान नाव बदललं, आणि बंदूक उडाल्यावर मागे धक्का बसतो तशी ही गाडी मागे येते, तेव्हा नाव जुळतंही. याचे गुण देतो. पण बेंगळुरूच्या वंडरलातही रिकॉइलच आहे, म्हणजे पुन्हा एकच पाटी दोन गावांत. आणि या नमुन्यात एक दुहेरी वळण असतं, जिथे गाडी लागोपाठ दोनदा उलटी होते. इंजिनियर मंडळी त्याला ‘कोब्रा रोल’ म्हणतात, कारण लांबून पाहिलं की नागाने फणा काढल्यासारखं दिसतं. ज्या राज्यात नागोबाची एवढी मोठी जत्रा भरते तिथल्या यंत्राच्या पोलादातच फणा आहे. कारखान्यातल्या माणसाला तो दिसला, पाटी रंगवणाऱ्याला दिसला नाही.

मुंबईचं एस्सेलवर्ल्ड गेलं, म्हणून त्याबद्दल फार बोलत नाही. १९८९ साली गोराईला ते उघडलं तेव्हा आमच्या पिढीला जाहिरातीतूनच भुरळ पडली होती. तिथल्या एका रोलर कोस्टरचं नाव ‘झिपर डिपर’ होतं. इंग्लंडच्या ब्लॅकपूलला १९३४ सालापासून असलेल्या एका रोलर कोस्टरचंही हेच नाव होतं. पुढे त्यांनी आपलं नाव बदललं. आपल्याकडे उद्यान बंद होईतो कुणाला बदलावंसं वाटल्याचं दिसत नाही.

जत्रेतल्या पाळण्यांची गत निराळी. तिथे मालकाने नाव ठेवलेलंच नसतं. यंत्र घेतानाच ते रंगवून आलेलं असतं, नाहीतर शेजारच्या पाळण्यावर बघून पेंटरने उतरवलेलं असतं. म्हणून सोलापूरच्या गड्ड्यापासून हैदराबादच्या नुमाइशपर्यंत तीच ती नावं फिरत असतात आणि फिरत फिरत आमच्याकडे येतात.

ब्रेक डान्स घ्या. मोठी तबकडी, तिच्यावर छोट्या गाड्या, तबकडी एकीकडे फिरते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. जर्मनीच्या हुस कंपनीने १९८५ च्या सुमारास हे यंत्र या नावाने काढलं, तेव्हा तो नाच नवा होता. आज रांगेत उभ्या असलेल्या पोराला ब्रेक डान्स म्हणजे काय हे आईला विचारावं लागतं आणि आईलाही मिथुनपलीकडे फारसं काही सांगता येत नाही. आता दोघांनी एकमेकांना घट्ट धरून गरगर फिरायचं, भोवळ येईस्तोवर फिरायचं, याला आपण फुगडी म्हणतो. हाच खेळ तेलुगू मुली ओप्पुल कुप्पा म्हणून खेळतात. आमच्या गावात या दोन नावांतलं एक तरी प्रत्येक घरात ठाऊक आहे.

टोरा टोरा हा आणखी एक. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर जपानी विमानं पोचली तेव्हा ‘अचानक हल्ला साधला’ हे कळवायला पाठवलेला हा संकेत; १९७० साली त्यावर याच नावाचा सिनेमाही आला. तोरा म्हणजे जपानीत वाघ. इकडे टिपेश्वरचे खरे वाघ पैनगंगा ओलांडून आमच्या भीमपूर, तामसी मंडलांतल्या कापसात येतात, मग बाया वेचणीला जायला धजत नाहीत, वनखात्याची माणसं पायाच्या ठशांवर चुना टाकत फिरतात. त्याच बायांची पोरं जत्रेत वाघात बसून येतात आणि कुणाला पत्ता नसतो.

सलाम्बो नावाचा पाळणा तर विचारूच नका. फ्लोबेरच्या १८६२ सालच्या कादंबरीतली कार्थेजची राजकन्या याच नावाची. तिच्याजवळ एक पवित्र अजगर असतो. म्हणजे नागोबाच्या दारात यायचा थोडाफार हक्क या सगळ्यांत हिलाच आहे!

‘सुनामी’ नावाचे पाळणेही फिरतात. २६ डिसेंबर २००४ ला या देशात त्या लाटेने दहा हजारांहून जास्त माणसं नेली. हे नाव ज्याने ज्याने रंगवलंय त्याने ते पुसावं. यावर जास्त चर्चा करण्यासारखं काही नाही.

आणि ड्रॅगन. आमच्या जत्रेतला रोलर कोस्टर म्हणजे हाच. लाल-हिरवं डोकं, डोळ्यांत दिवे, मागे पाच-सहा डबे, अंडाकृती रूळ आणि त्यावर दोन उंचवटे. जपानच्या नागाशिमा उद्यानात ‘स्टील ड्रॅगन २०००’ आहे, तो त्यांच्याकडच्या ड्रॅगनच्या वर्षात, २००० साली उघडला. तिथे नावाला कारण आहे. केसलापुरात नागोबाचं देऊळ समोर असताना ड्रॅगनला काय कारण? आमची पोरं त्याला ‘सापगाडी’ म्हणतात. डोकं कसलंही असो, वळवळत जाते ती सापगाडी. पोरांच्या तोंडी नाव आधीच आहे, पाटीवर यायचं तेवढं राहिलंय.

या सगळ्या गोतावळ्यात मला पुरतं पटलेलं नाव एकच, मौत का कुआँ. उभ्या फळ्यांचं ते गोल पिंप, वर चढायला करकरणारा लोखंडी जिना, काठावरच्या नळीला छाती टेकून आपण आत बघायचं. खाली सायलेन्सर काढलेली मोटारसायकल आणि दारं काढलेली जुनी मारुती आठशे. गाडी तळ सोडून फळ्यांवर चढली की सगळा सांगाडा थरथरतो, आपल्या हाताखालची नळीसुद्धा. तेलाचा धूर नाकात जातो. कुणीतरी दहाची नोट काठावरून खाली धरतो, स्वार दोन्ही हात सोडून वर येतो आणि नोट टिपून जातो. नाव म्हणतं विहीर, तर समोर विहीर आहे. नाव म्हणतं मौत, तर ती त्या पोराच्या आणि आपल्या बोटांच्या मधल्या जागेत आहे. इथे घाबरवायला कुणाला पर्ल हार्बरहून काही आणावं लागलेलं नाही.

कुणी म्हणेल, नावं कसली बघता, नटबोल्ट बघा. अगदी बरोबर. २०१९ च्या जुलैत अहमदाबादच्या कांकरियात ‘डिस्कव्हरी’ नावाचा लंबकासारखा झुलणारा पाळणा तुटला, दोन माणसं गेली आणि २९ जखमी झाली. तिथे पाटीवर काय लिहिलं होतं याने काहीच फरक पडला नसता. तपासणी आधी आणि नाव नंतर, याबद्दल वाद नाही. पण नंतर म्हणजे कधीच नाही असा अर्थ तुम्ही लावलाय, तो मला मान्य नाही.

चांगलं नाव तुम्हाला सुचत नाही असंही नाही. इमॅजिकातच ‘राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर’ आहे, होडीतून जायचं आणि शेवटी धाडकन पाण्यात कोसळायचं. राजासॉरस हा कल्पनेतला प्राणी नव्हे. गुजरातेत राहियोलीला त्याची हाडं सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याचं बारसं केलं, राजासॉरस नर्मदेन्सिस. ज्याने हे नाव उद्यानात आणलं त्याने थोडं वाचलं होतं आणि थोडा विचार केला होता. हॉलिवूडच्या टी-रेक्सला बोलावणं सोपं होतं, तो तसाही सगळीकडे असतो. याने आपला पाहिला. होडीतून उतरणाऱ्या दहा पोरांतलं एक जरी घरी जाऊन हा प्राणी कुठला म्हणून शोधायला लागलं तरी पाटीचे पैसे फिटले.

आता हे आमच्या जिल्ह्याच्या संदर्भात वाचा. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, यमनपल्ली नावाचं गाव आहे. तिथे लांब मानेच्या एका शाकाहारी डायनासोरची हाडं निघाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या यादगिरींनी १९८८ साली त्याला नाव दिलं, कोटासॉरस यमनपल्लिएन्सिस. हाडं ज्या खडकात मिळाली त्या कोटा थरांचं नाव पुढे आणि गावाचं मागे. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला सायन्स सेंटरमध्ये उभा आहे. नदीच्या महाराष्ट्राकडच्या काठाला, सिरोंचा तालुक्यात, बारापासॉरस टागोराय सापडला. पहिल्या मोहिमेच्या वर्षी, १९६१ ला, रवींद्रनाथांची जन्मशताब्दी होती म्हणून त्यांचं नाव त्याच्या वाट्याला आलं. सांगाडा कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये गेला. शास्त्रज्ञांवर गिऱ्हाईक खेचायची सक्ती नव्हती. त्यांची नावं लॅटिन वळणाची, जिभेला जड. तरी त्यांनी ज्या मातीतून हाड काढलं त्या मातीचं देणं नावात फेडलं. यमनपल्ली हे नाव जगातल्या डायनासोरांच्या प्रत्येक कोशात आहे. तेलंगणातल्या कुठल्याही पाळण्यावर नाही.

आणि नावं शोधायला जमीन खणायचीही गरज नाही. उटनूरहून आसिफाबादकडे जाताना केरामेरीचा घाट लागतो. वळण संपलं म्हणावं तोवर दुसरं, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला सागाचं रान, एसटीत मागच्या बाकावर बसलेल्याचं डोकं टपाला लागतं. ‘केरामेरी’ म्हणून बघा एकदा मोठ्याने. रोलर कोस्टरला याहून चांगलं नाव मिळणार आहे का? कडेम नदीवरचा कुंटाला धबधबा १४७ फूट खाली येतो, म्हणजे नायट्रोपेक्षा पंधरा फूट जास्तच. सरळ खाली सोडणाऱ्या पाळण्याला ‘डेअर टू ड्रॉप’ म्हणण्यापेक्षा ‘कुंटाला’ म्हणा. जो पावसाळ्यात तिथे उभा राहिला आहे त्याच्या पोटात तिकीट काढतानाच गोळा येईल. निर्मलचा महबूब घाट आहे. नाव असं जुळवून ठेवणारे आहेतही. चेन्नईजवळ १९९५ साली एक उद्यान निघालं, त्याने आपलं नाव किष्किंता ठेवलं, वानरांचं राज्य. उड्या मारायच्या जागेला हे किती चपखल. जपानच्या फुजी-क्यू उद्यानात ‘फुजियामा’ आहे, समोर खरा फुजी दिसतो. तिथेच ‘ए जा नाई का’ आहे, १८६७ साली जपानभर रस्तोरस्ती लोक बेभान नाचत सुटले होते त्या गर्दीची ही आरोळी. परदेशी माणूस हे नाव नीट उच्चारू शकत नाही आणि म्हणून रांग कमी झाली असं काही ऐकिवात नाही.

इथे एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो, नाहीतर या पत्राचा भलताच अर्थ लावून कुणीतरी उद्या ‘नागोबा एक्सप्रेस’ काढायचा. गावचं नाव घ्या म्हणजे गावचा देव घ्या असं नव्हे. स्वीडनच्या लिसेबेरी उद्यानात बाल्डर आहे, लोके आहे, वाल्किरिया आहे, सगळी जुन्या नॉर्स पुराणांतली मंडळी. तिथे ते खपतं, कारण बाल्डरला आज नवस बोलणारं फारसं कुणी उरलेलं नाही. नागोबाचं तसं नाही. मेस्राम घराण्याची माणसं अनवाणी चालत हस्तिनमडुगूहून गोदावरीचं पाणी आणतात, त्या पाण्याने अमावास्येच्या रात्री पूजा होते, घराण्यात आलेल्या नव्या सुना पांढऱ्या लुगड्यांत वडीलधाऱ्यांपुढे येतात आणि भेटिंगचा विधी झाल्यावर मगच त्यांचा देवाशी संबंध जुळतो. हे सगळं चालू असताना शंभर पावलांवर कर्ण्यातून ‘चलो नागोबा, तीस रुपये, तीस रुपये’ असं ओरडलेलं कुणाला आवडेल? दिवाळीत दंडारीला मोरपिसांचा मुकुट चढवून नाचणारे गुस्साडीही नकोत. ते दिवस पाळणाऱ्यांना तो खेळ नसतो. जंगल-जमिनीसाठी लढलेला कोमाराम भीमही नको. डोंगर, घाट, नदी, धबधबा, प्राणी, पक्षी, पोरांचे खेळ, एवढं भांडार आहे. त्यातून घ्या.

आता ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला बसलो, त्याकडे येतो.

जत्रेत एक मोठी होडी झुलते. दोन्ही टोकांना चढत्या बाकांच्या ओळी, मधे रिकामी जागा, बुडाखाली फिरणारा रबरी टायर. चालक दांडा ओढतो, टायर होडीच्या पोटाला घासतो आणि प्रत्येक घासणीला होडी थोडी थोडी वर जाते. टोकाच्या बाकावरची पोरं उभी राहून ओरडतात, मधल्या बाकावरच्या बाया डोळे मिटून दांडीला धरून बसतात. पाळणा उत्तम आहे. त्याच्या पाटीवर इंग्रजीत, हिंदीत, तेलुगूत, जमेल त्या लिपीत लिहिलेलं असतं, कोलंबस.

देशभर हेच नाव आहे. मुंबईत असो, नागपुरात असो, मला काही म्हणायचं नाही. पण केसलापूरला?

१२ ऑक्टोबर १४९२ ला हा माणूस कॅरिबियन बेटांवर उतरला आणि तिथल्या माणसांना त्याने इंडियन म्हणून टाकलं. नावं चुकीची ठेवायची परंपरा तिथूनच धरली तरी चालेल. पुढे हिस्पॅनिओला बेटावर त्याने ताइनो लोकांवर सोन्याची पट्टी बसवली : चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी ठरलेलं सोनं आणून द्यायचं. बेटात तेवढं सोनं नव्हतंच. माणसं डोंगरात पळाली, उपाशी मेली, रोगाने मेली, आणि काही दशकांत तो समाज जवळपास संपला. १५०० साली खुद्द स्पेनच्या दरबाराने नेमलेल्या अधिकाऱ्याने कोलंबसाला बेड्या घालून परत पाठवलं, इतका त्याचा कारभार त्यांनाही झेपला नाही.

आणि केसलापूर कोणाचं? १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांनी कोमाराम भीमाला मारलं, जंगल आणि जमिनीच्या हक्कासाठी तो लढत होता. त्यानंतर हैमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ निजामाच्या सांगण्यावरून या भागात आला, गोंडांत राहिला, आणि चाळीसच्या दशकात नागोबाच्या जत्रेत दरबार भरायला लागला. अधिकाऱ्यांनी यायचं आणि आदिवासींची गाऱ्हाणी ऐकायची. तो दरबार आजही भरतो. आजही तिथे बोललं जातं ते जमिनीच्या पट्ट्यांबद्दल, जंगलाबद्दल, रस्ता आणि पाण्याबद्दल. महाराष्ट्रातून, छत्तीसगडातून, ओडिशातून गोंड, परधान, कोलाम येतात. त्या मैदानावर, त्या दरबारापासून हाकेच्या अंतरावर, झुलत्या होडीवर कोलंबस. कुणी मुद्दाम केलेलं नाही हे मला कळतं. मालकाला कोलंबस म्हणजे शाळेच्या पुस्तकातला एक शूर दर्यावर्दी, पेंटरला तर तेवढाही नाही. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

शेजारचा उंच पाळणाही या गोष्टीतून सुटलेला नाही, हे जाता जाता सांगतो. फेरिसचा २६४ फुटी पोलादी पाळणा १८९३ साली शिकागोत पहिल्यांदा फिरला, आणि ते प्रदर्शन कोलंबसाच्या सफरीच्या चारशे वर्षांसाठीच भरवलं होतं. पण आपण त्याला आकाशपाळणा म्हणतो, तेलुगू लोक रंगुल राट्नम म्हणतात, त्यामुळे फेरिस आणि कोलंबस दोघंही बाजूला राहिले. लोकांनी नाव ठेवलं की असं होतं. आणि तेवढंच मला तुमच्याकडून हवं आहे.

अध्यक्ष महोदय, तुमच्या संघटनेचं प्रदर्शन दरवर्षी मुंबईत भरतं, पाळणे बनवणारे आणि विकत घेणारे तिथे एकत्र येतात. तिथे एवढंच ठरवा की यंत्र पाटीवरच्या नावाशिवाय विकायचं. नाव जिथे पाळणा उभा राहील तिथल्या लोकांनी ठेवावं. उद्यानांनी आसपासच्या शाळांतून नावं मागवावीत. मास्तर लोक उत्साहाने करतील, आणि एका पोराला जन्मभर सांगायला मिळेल की त्या पाळण्याचं नाव मी ठेवलं. चांगल्या नावाला एखादं पारितोषिक द्या. खर्च काय तो एका ढालीचा.

आणि केसलापूरला होडी घेऊन येणारे जे कोणी मालक असतील, त्यांना हात जोडून विनंती : पुढच्या पौष अमावास्येच्या आत ती पाटी खरवडून काढा. जागेवर काय लिहायचं ते मेस्राम मंडळींना विचारा, जत्रा त्यांची आहे. त्यांनी काही सुचवलं तर ते लिहा. नाही सुचवलं तर नुसतं ‘होडी’ लिहा, तेलुगूत, मराठीत, गोंडीत. रांग होती तेवढीच राहील.

आपला,
एक गिऱ्हाईक
आदिलाबाद